ट्रॅक माझा, मग चौकात ब्रेक मीच का मारायचा?

पत्र थोडक्यात असं: पुण्यातल्या एका ताई, चाळिशीच्या. गेले काही महिने सातारा रोडने सायकलवर ऑफिसला जातात, आणि जिथे सायकल ट्रॅक आहे तिथे ट्रॅकवरूनच जातात. मध्यंतरी एका चौकात सिग्नल हिरवा होता, त्या सरळ चालल्या होत्या, आणि उजव्या बाजूने आलेल्या एका कारने इंडिकेटर न देता डावीकडे कट मारला. ताईंनी कचकन ब्रेक दाबले, हँडल कारच्या मागच्या दाराला घासलं, पडल्या नाहीत हे नशीब. कारवाल्याने काच खाली करून 'सायकलवाल्यांनी बघून जायचं असतं' असं वर सुनावलं आणि निघून गेला. घरी नवऱ्याचं म्हणणं, सायकल बंद, स्कूटर घे. ऑफिसमधले एक सायकल ग्रुपवाले सांगतात की ट्रॅकच सोडा, मेन रोडने चला, ते जास्त सेफ. आणि सातवीत जाणारा मुलगा जूनपासून शाळेत सायकलनेच जाणार म्हणून हटून बसलाय. ताई विचारतात: चूक कुणाची? ट्रॅक सोडू का? मुलाला हो म्हणू का? आणि शेवटी एक वाक्य, 'मी नियमाने चालते, मग घाबरून मी का राहायचं?'

ताई, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते मनात खुपत राहिलं की पुढचं काही नीट ऐकू येत नाही. चूक त्या कारवाल्याची. यात पन्नास-पन्नास वगैरे काही नाही.

आपल्याकडे १९८९ पासून केंद्राचे रस्त्याचे नियम होते, २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले. त्या १९८९ च्या नियमांतच स्वच्छ लिहिलेलं होतं की चौक, फाटा, झेब्रा किंवा रस्त्याचा कोपरा आला की गाडीवाल्याने वेग कमी करायचा, आणि तिथल्या माणसांना धोका होणार नाही हे कळल्याशिवाय आत शिरायचंच नाही. सायकल ट्रॅक असेल तर त्यावर मोटार घालायची नाही, हेही त्यातच होतं. म्हणजे हे काही काल परवा परदेशातून आलेलं फॅड नाही, तुमचा कारवाला लायसन काढायच्या आधीपासून हे छापलेलं आहे. आता कुणीतरी तुम्हाला 'उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते' हा नियम ऐकवेल, आपल्याकडे तो अर्धवट पाठ असलेले लोक खूप. तो नियम वेगवेगळ्या रस्त्यांवरून चौकात येणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही दोघं एकाच दिशेने चालला होतात, तुम्ही सरळ आणि तो तुमच्या पुढ्यातून आडवा. त्याचं आणि उजव्या हाताच्या नियमाचं काही नातं नाही. आणि तिथे फ्री लेफ्टची पाटी असली तरी त्याचा अर्थ सिग्नलसाठी थांबायचं नाही एवढाच, वाटेत माणूस असेल तर त्याच्यावरून जा असा नाही. ब्रिटनमध्ये तर २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या हायवे कोडमध्ये हे वेगळं लिहूनच टाकलं, की वळताना सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याच्या पुढून कट मारायचा नाही, मग तो रस्त्यावर असो की ट्रॅकवर. तिकडेही लिहावं लागलं यातच काय ते आलं.

तर नियम तुमच्या बाजूने. आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण खरी मेख मला तिथे वाटते. 'मी नियमाने चालते' यात तुम्ही असं धरून चाललाय की नियम पाळणाऱ्याला नियम सांभाळतो. रस्त्यावरचा वाट मिळण्याचा हक्क हा समोरच्याने द्यायचा असतो, तुमच्या खिशात तो नसतो. त्याने नाही दिला तर त्या क्षणाला तुमच्याकडे फक्त दोन ब्रेक असतात आणि जेवढी जागा उरली असेल तेवढी जागा. मी तुम्हाला हक्क सोडा म्हणत नाहीये हां, मुळीच नाही. तो भांडून घ्यायची जागा वेगळी आहे, तिच्याकडे खाली येतेच. चौकाच्या मधोमध बंपरच्या पुढ्यात ती जागा नाही एवढंच.

आणि दुसरं गृहीतक, जे ट्रॅकवरून जाणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं असतं, की ट्रॅक म्हणजे सेफ. दोन चौकांच्या मधे, हो. मागून येऊन कुणी उडवेल ही भीती ट्रॅकवर कमी होते, नवीन शिकणाऱ्याला तर ट्रॅकशिवाय धीरच होत नाही. पण ट्रॅक चौकात संपतो, आणि वळणाऱ्या गाड्या नेमक्या तिथेच तुमची वाट कापतात.

बघा काय होतं ते. मधल्या भागात तुमच्या आणि गाड्यांच्या मधे काय काय असतं, लावलेल्या चारचाकी, झाडं, बसस्टॉप, भेळेची गाडी, एखादा जाहिरातीचा खांब. कारवाल्याच्या दृष्टीने तुम्ही ट्रॅफिकमध्ये नाहीच आहात, तुम्ही फुटपाथच्या बाजूला कुठेतरी आहात, त्याच्या डोक्यातल्या हिशोबात तुमची नोंदच झालेली नाही. मग चौक येतो, आडोसा संपतो आणि तुम्ही अचानक त्याच्या डाव्या कुशीतून बाहेर येता. त्याच वेळी तो बघत असतो उजवीकडे, कारण त्याला ज्याची भीती आहे ते, म्हणजे बस आणि बाकी कार, सगळं तिकडून येतं. डावा आरसा? पुण्यात एकदा सिग्नलला उभं राहून मोजा किती गाड्यांचा डावा आरसा मिटलेला असतो. गल्लीत पार्किंग करताना मिटला की परत उघडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका, कामाचं आहे. तुम्ही ताशी १५ च्या वेगाने चाललाय म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर. कार ४० ने येतेय म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ती तुमच्या १५ मीटर मागे असेल तर २ सेकंदांत तुमच्या बरोबरीला येते, आणि तिसऱ्या सेकंदाला तिला वळायचं असतं. तुम्हाला १५ च्या वेगातून पूर्ण थांबायला, दचकून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावर ७ मीटर तरी लागतात. वेग २० असेल तर १० ते ११. म्हणजे कार वळायला लागल्यावर तुम्ही ठरवायला बसलात तर वेळ गेलेली असते. ठरवायचं ते चौकाच्या १५-२० मीटर आधी. तुमच्या पत्रात 'तो अचानक वळला' असं आहे, आणि तुमच्या जागेवरून ते तसंच दिसलं असणार, पण तो मागून येत होता हे तुम्हाला आधी दिसलं असतं का, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. दोष देत नाहीये, पुढच्या वेळेसाठी म्हणतेय.

मग करायचं काय. चौक दिसायला लागला, तो कोपऱ्यावरचा दुकानाचा बोर्ड वाचता यायला लागला की पायडल मारणं थांबवा आणि दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवा, दाबू नका, नुसती ठेवा. मान उजवीकडे वळवून मागे बघा, नीट, खांद्यावरून. याचे दोन फायदे, एक तर तुम्हाला कळतं मागे काय आहे, आणि दुसरं म्हणजे वळलेला चेहरा मागच्याला दिसतो, नुसत्या पाठीपेक्षा चेहऱ्याची दखल माणूस जास्त घेतो असा माझा अनुभव आहे. सरळ जायचंय हे हाताने दाखवा, पंजा पुढे. लोक हसतील, हसू दे. मग कारकडे बघताना ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून समाधान मानू नका, काळ्या काचेतून काही कळत नाही आणि बघतोय असं वाटणारा माणूस पुष्कळदा तुमच्या पलीकडचं बघत असतो. पुढच्या चाकाकडे बघा. इंडिकेटर खोटं बोलतो, चाक नाही बोलत. चाक डावीकडे कलायला लागलं किंवा गाडीचा वेग उगीच कमी झाला की समजायचं हा वळणार, आणि त्याला जाऊ द्यायचं. तुमचे गेलेले दोन सेकंद. आणि मागे गाड्यांची रांग लागली असेल, एकामागून एक सगळेच डावीकडे वळत असतील, तर थांबायला लाजू नका, एक पाय टेकवा आणि मोकळीक मिळाली की जा.

यात अन्याय आहे का? आहे. हक्क तुमचा आणि ब्रेक पण तुम्हीच मारायचा. मला यावर गोड काही बोलता येणार नाही.

बस आणि डंपर हे प्रकरण मात्र वेगळं, तिथे हक्काबिक्काची चर्चाच नको. मोठी गाडी डावीकडे वळायच्या आधी कितीदा थोडी उजवीकडे जाते, लांबडं अंग वळवायला जागा घेते, त्यामुळे तिच्या डाव्या बाजूला मस्त मोकळी पट्टी तयार होते आणि सायकलवाल्याला वाटतं चला, वाट मिळाली. तीच सापळ्याची जागा. पुढचा भाग वळून गेला तरी मागची चाकं त्याच वाटेने जात नाहीत, ती कोपऱ्याला जास्त चिकटून आतून येतात, आणि मधे सापडलेल्या माणसाला एकीकडे चाक आणि दुसरीकडे फुटपाथचा कठडा, पळायला जागाच नाही. वरून ड्रायव्हरला केबिनमधून खाली डावीकडे चिकटून असलेली सायकल दिसतच नाही. लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनांवरच्या ट्रकना शहरात यायला परवानाच यावर देतात की ड्रायव्हरला बसल्या जागेवरून थेट बाहेर किती दिसतं. आपल्याकडे तसं होईपर्यंत: सिग्नलला थांबलेल्या बस, ट्रक, डंपर, मिक्सरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसायचं नाही. ट्रॅक असला तरी नाही, ती गाडी उभी असली तरी नाही, ऑफिसला उशीर होत असला तरी नाही. मागे थांबा, ड्रायव्हरच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसेल अशा जागी. किंवा तिच्या बरंच पुढे, काचेतून दिसाल असं. बाजूला नाही.

आता तुमच्या सायकल ग्रुपवाल्यांचा सल्ला, ट्रॅक सोडा आणि मेन रोडने चला. तो पूर्ण चुकीचा नाही हे आधी सांगते. ते जे सांगतायत त्यामागचं तत्त्व बरोबर आहे, गाड्यांच्या ओळीत, लेनच्या मधे असलं की तुम्ही दिसता आणि डावीकडून कट मारायला कुणाला जागाच राहत नाही. पण हे सांगणारे बहुतेक ताशी २५-३० ने जाणारे असतात, गिअरची सायकल, पहाटेची वेळ, शंभर शंभर किलोमीटर मारून आलेले पाय. १५ ने चालणाऱ्या आणि डब्याची पिशवी अडकवलेल्या माणसाने सकाळी साडेनऊला सातारा रोडच्या मधल्या लेनमध्ये चालवायची म्हणजे मागून सतत हॉर्न, आणि हॉर्नने माणूस बिचकतो, बिचकला की सायकल डुगडुगते. मला विचाराल तर ट्रॅक आणि रोड यातलं एक कायमचं निवडायचंच कशाला? दोन चौकांच्या मधे ट्रॅक वापरा. चौकाच्या आधी ट्रॅकची अवस्था बघून ठरवा. कोपऱ्यापर्यंत मोकळा असेल, तुम्ही गाड्यांना दिसत असाल तर ट्रॅकवरूनच जा, वर सांगितलं तसं. कोपऱ्याआधी गाड्या लावलेल्या असतील, टपरी असेल, ट्रॅक थेट एखाद्या चेंबरच्या वर आलेल्या झाकणावर किंवा डीपीच्या पेटीवर जाऊन संपत असेल, तर त्याच्या बरंच आधी, एखादा रॅम्प असेल तिथून, मागे बघून हात दाखवून रस्त्यावर या आणि डाव्या लेनमधून ओळीत चौक पार करा. ऐन कोपऱ्यावर ट्रॅकवरून खाली उतरणं हे सगळ्यात वाईट, कारण तिथे तुम्ही एका क्षणी दोन गोष्टी करत असता आणि मागच्याला एकीचाही अंदाज नसतो.

तुमचा रोजचा रस्ता ठरलेला आहे हे बरं आहे. एका रविवारी सकाळी, गर्दी नसताना, सावकाश जा आणि प्रत्येक चौकाला हे आधीच ठरवून ठेवा, इथे ट्रॅक, इथे रोड, इथे उतरून चालत. हो, उतरून चालतसुद्धा, एखाद्या चौकात सायकल हातात धरून झेब्रावरून जाण्यात काही कमीपणा नाही. आणि उजवीकडे वळायचं असेल तर गाड्यांच्या चार लेन कापत मधे जाऊ नका, सरळ पलीकडे जा, तिथल्या कोपऱ्याला सायकल वळवून उभी करा आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघा. एक सिग्नल जास्त लागतो, बस्स.

ट्रॅकबद्दल अजून एक, आणि हे मुलासाठीही लक्षात ठेवा. राँग साइडने ट्रॅकवरून यायचं नाही. आपल्याकडे ट्रॅक म्हणजे दोन्हीकडून चालतं असा समज आहे, त्यात अख्ख्या स्कूटर पण राँग साइडने येतात. पण बाजूच्या गल्लीतून मेन रोडला लागणारा गाडीवाला बघतो फक्त उजवीकडे, कारण ट्रॅफिक तिकडून येतं, आणि डावीकडे वळून निघतो. त्याच्या डावीकडून ट्रॅकवरून तुम्ही आलात तर त्याने तिकडे मान वळवायचं काही कारणच नसतं. यात तो बेफिकीर असायची गरज नाही, चांगला माणूससुद्धा धडकेल.

आता हक्क मागायची जागा. पुण्यात सायकल ट्रॅकचा इतिहास काही लहान नाही, २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसरची बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, आली तेव्हापासून ट्रॅक आहेत, जंगली महाराज रोड नव्याने केला तेव्हा तिथेही आले, आणि २०१७ च्या सायकल आराखड्यात तर आठशे किलोमीटरहून मोठं जाळं धरलंय. पण सगळी भाषा किलोमीटरची. किती किलोमीटर झाले, किती राहिले. चौक किती नीट केले हे कुणी विचारत नाही, आणि अडतं नेमकं तिथे.

रंग मारून दिला की झालं, असंही नाही. डेन्मार्कमध्ये चौकातून जाणाऱ्या सायकलच्या वाटेला निळा रंग देतात, त्याचा २००८ मध्ये अभ्यास झाला. चौकात एकच निळी वाट असेल तिथे अपघात १० टक्के कमी झाले, पण दोन असतील तिथे २३ टक्के वाढले आणि चार असतील तिथे तर ६० टक्के! जिकडेतिकडे रंग दिला की त्याकडे बघायचं कसं हेच कुणाला समजत नाही बहुतेक. नेदरलँड्समध्ये जे करतात ते जास्त पटतं. तिथे सायकलची वाट चौकाच्या कोपऱ्यापासून साधारण एका कारच्या लांबीएवढी आत सरकवलेली असते. त्यामुळे कार आधी वळते, सरळ होते आणि मग सायकलची वाट समोर येते, म्हणजे सायकलवाला ड्रायव्हरच्या खांद्यामागे नसतो, थेट काचेसमोर असतो, आणि थांबायला कारला मधे जागाही असते, मागचा रस्ता अडत नाही. कोपऱ्याला छोटं बेट असतं त्यामुळे वळण घट्ट होतं, वेगाने वळताच येत नाही. आपल्याकडे उलट, फ्री लेफ्टसाठी कोपरे ऐसपैस गोल करून ठेवलेत आणि मग त्या गोलाईवरून गाड्या ३०-४० ने वळतात.

आणि तेही त्यांना आयतं मिळालेलं नाही. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर ३३०० माणसं मेली होती, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, अक्षरशः रस्ते अडवून बसले, मग त्या सायकलच्या वाटा आल्या.

तुम्ही रस्ता अडवू नका, अर्ज करा. पण 'सायकल ट्रॅक सुधारावा' असा अर्ज करू नका, त्याचं उत्तर 'नोंद घेतली' असंच येतं. एकच चौक घ्या, ज्यात तुम्हाला कट बसला तोच, फोटो काढा, आणि नेमकं मागा. कोपऱ्याआधीचं दहा-पंधरा मीटर पार्किंग बंद करा. ट्रॅकच्या तोंडाशी खांब लावा, दुचाकी घुसणार नाही आणि सायकल जाईल एवढ्या अंतरावर. सायकलची वाट चौकात वर उचलून घ्या, टेबलटॉप म्हणतात त्याला, म्हणजे वळणाऱ्या गाडीला चढ लागतो आणि वेग आपोआप कमी होतो. कोपऱ्याची गोलाई कमी करा. पार्किंगचं ट्रॅफिक पोलिसांना, बाकीचं महापालिकेच्या पथ विभागाला आणि तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाला, महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रारींच्या ॲपवरही टाका म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो. त्याच चौकातून जाणारे अजून चारपाच सायकलवाले, दूधवाला, पेपरवाला, बांधकामावर जाणारे, यांच्या सह्या घेता आल्या तर जरूर घ्या. सायकल म्हटलं की सगळ्यांना हेल्मेट आणि टाइट कपडे डोळ्यासमोर येतात, पण सातारा रोडवर सकाळी सातला बघा सायकली कुणाच्या असतात.

तो कारवाला तर गेला. पण पुढे कधी खरंच लागलं (न लागो), तर भांडत बसण्याआधी गाडीचा नंबर, जागा, वेळ, आणि एखाद्या साक्षीदाराचा फोन नंबर घ्या. ११२ ला फोन करा. प्रत्येक मोटारगाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकलवाला त्यात येतो, नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करता येतो, पण आता कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर सरकारी योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर २ लाख मिळतात. लोकांना हे माहीत नसतं, 'सायकलवाल्याला कोण विचारतो' म्हणून चारपाचशे रुपये घेऊन प्रकरण मिटवतात आणि मग आठवड्याने कळतं की मनगटाचं हाड मोडलंय.

तुमच्या मिस्टरांचं. ते घाबरलेत, त्यांच्याशी भांडू नका. पण स्कूटर म्हणजे सेफ हे कुठून आलं? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. आता दुचाकी रस्त्यावर आहेतच प्रचंड, त्यामुळे या आकड्यावरून स्कूटर सायकलपेक्षा धोक्याची असं मी म्हणणार नाही, तसा हिशोब लावणं लबाडी होईल. पण तोच कारवाला त्याच चौकात स्कूटरलाही तसाच कट मारणार आणि तेव्हा तुमचा वेग ४० असणार, एवढं त्यांना सांगा. अजून बरं म्हणजे एक दिवस त्यांना स्कूटरवरून तुमच्या मागे मागे यायला लावा, सगळा रस्ता. मागून चौकात काय दिसतं, तुम्ही कुठे दिसता, कुठे गायब होता, हे त्यांच्याइतकं नीट तुम्हाला कुणी सांगू शकणार नाही, आणि घरी बसून होणाऱ्या चर्चेपेक्षा ती चर्चा कामाची होईल. तुम्हाला अंधारात यावं लागत असेल तर मागे लाल दिवा हवाच, ब्रेकचे गुटके झिजलेत का ते बघा, आणि काळा-करडा कुर्ता असेल तर वरून एक भडक जॅकेट.

आता चिरंजीव. बारा वर्षांचा मुलगा सायकल तुमच्यापेक्षा छान चालवत असेल, हात सोडून पण चालवत असेल, तो प्रश्नच नाही. प्रश्न असा की लांबून येणारी गाडी किती वेगात आहे आणि किती सेकंदांत इथे पोचेल याचा अंदाज या वयात अजून कच्चा असतो, आणि उंची कमी असल्यामुळे लावलेल्या गाड्यांच्या मागून तो दिसतही नाही. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी, अकरा-बारा वर्षांच्या मुलांची सायकलची परीक्षा असते, लेखी आणि रस्त्यावरची प्रत्यक्ष पण. म्हणजे जिथे इतक्या सोयी आहेत तिथेही मुलाला नुसतं सोडून देत नाहीत.

तुम्ही घरच्या घरी घ्या परीक्षा. शाळेचा रस्ता निवडताना जवळचा नका बघू, कमी चौकांचा आणि आतल्या गल्ल्यांचा बघा, पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी चालतील. सुट्टीत आधी तुम्ही पुढे आणि तो मागे, मग उलट, तो पुढे आणि तुम्ही मागे, आणि प्रत्येक चौकाआधी त्याने मोठ्याने बोलून दाखवायचं, मागे काय आहे, कोण वळणार वाटतंय, मी काय करणार. बडबड्या असेल तर त्याला आवडेल सुद्धा. एकही चौक तो न बोलता, मागे न बघता पार करत असेल तर अजून तयार नाही. मित्रांबरोबर जाणार असेल तर समांतर नाही, एकामागे एक, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका, कारण गप्पा मारत तिघं एका ओळीत येतात तेव्हा चौक कुणालाच दिसत नाही.

फक्त जूनपासून नको. शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात, आणि पोरांच्या सायकलींना बहुतेक रिमवर दाबणारे ब्रेक असतात, ते ओले झाले की चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत धरतच नाहीत, त्यात दप्तर, त्यात रेनकोटची टोपी मागे वळून बघूच देत नाही. गणपती होऊन पाऊस ओसरला की सुरू करू दे. चिडेल, आठ दिवस बोलणार नाही, चालेल. तोवर रविवारी तुमच्याबरोबर येऊ दे, आणि तुमचा तो चौकाचा अर्ज कॉम्प्युटरवर टाइप करायला त्यालाच बसवा, फोटोंवर बाण काढायचं काम ही पोरं आपल्यापेक्षा पटकन करतात.